मोजून आलेला पाव

भोंगा आधी ऐकू आला, गाडी मागाहून दिसली. जूनमधली दुपार, स्पेनमधल्या त्या डोंगरी गावात चिटपाखरू नाही, आणि मी चौकातल्या दगडी हौदाच्या तोटीखाली मान घालून बसलेले. तोटीच्या वर पाटी होती, पाण्यावर प्रक्रिया केलेली नाही अशी. तिच्याच खाली माझ्या दोन्ही बाटल्या भरून झाल्या होत्या. गावातलं एकमेव दुकान, जे बारही आहे आणि कुरिअरची खोकीही सांभाळतं, नेमकं त्या दिवशी बंद. हँडलच्या पिशवीत चार खजूर आणि चुरा झालेली बिस्किटं उरलेली. तेवढ्यात ती पांढरी गाडी वळणावरून खाली आली, तीनदा लांब भोंगा वाजवून चौकात थांबली, आणि जी घरं मी कधीचीच ओस पडलेली समजत होते त्यांची दारं उघडली. दारांवरचे मण्यांचे पडदे सळसळले. कापडी पिशव्या घेऊन पाच-सात बायका आल्या, सपाता घातलेले दोन आजोबा आले. रांग कुणी लावली नाही. वॅलेन्सियाच्या मंडईत शिकलेला प्रश्न मी विचारला, "शेवटचं कोण?" एका आजींनी हात वर केला. म्हणजे त्यांच्यानंतर मी.

गाडीचं मागचं दार उघडलं आणि भाजलेल्या पिठाचा वास चौकभर झाला. पाववाल्यानं मला पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. सगळा पाव आधी सांगून ठेवलेला असतो. या घरचे दोन, त्या घरचा एक, वरच्या आळीत कुणी आजारी आहे त्यांचा दाराच्या कडीला पिशवीत टांगायचा. जास्तीचा एकही नाही, आणि गाडी येते दिवसाआड. मी "हरकत नाही" म्हणेपर्यंत त्या आजींनी आपल्या दोन लांबड्या पावांतला एक माझ्या हातात दिला. मी पैसे काढले तर माझं मनगट धरून पैसे परत खिशात घालायला लावले. "खा पोरी, तुला अजून चढायचंय," म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या.

पाव उत्तम होता. त्रास नंतर सुरू झाला.

गावाबाहेरचा चढ चढताना माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. आज गुरुवार. गाडी आता शनिवारी. दोन पाव म्हणजे घरात दोन माणसं असतील, की एक माणूस आणि दोन दिवस? एक पाव आपण खाल्ला, उरला एक. चढावर श्वास अपुरा पडतो तेव्हा डोकं अशाच कुठल्यातरी क्षुल्लक गोष्टीला धरून बसतं. पण ही गोष्ट चढ संपल्यावरही सुटली नाही. ज्या रस्त्यावर मी होते त्याचं नाव 'मोंतान्यास बाथियास', म्हणजे रिकामे डोंगर. तेरुएल शहरातून निघून सुमारे 680 किलोमीटरचा वळसा घालून पुन्हा तेरुएललाच येणारा हा सायकलमार्ग, जवळजवळ सगळा कच्च्या वाटांचा. मी त्याचा एक तुकडाच करत होते. जगभरातून लोक इथे येतात ते या रिकामेपणासाठी. मीही त्यासाठीच आले होते. तेरुएल प्रांतात एका चौरस किलोमीटरमागे नऊएक माणसं राहतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचा हाच आकडा 365 होता. पुण्यात सायकल चालवायला शिकलेल्या माणसाला अशा आकड्याचं केवढं आकर्षण वाटतं ते पुणेकरांना सांगायला नको. आणि या रिकाम्या डोंगरात शिरल्यावर पहिली गोष्ट काय झाली, तर तिथल्या मोजून आलेल्या पावातला एक माझ्या पोटात गेला.

खरं तर मला फक्त नदीच्या उगमाकडे जायचं होतं. वॅलेन्सियात मी रोज सकाळी नदीच्या पात्रातून सायकलनं कामाला जाते. पात्रात पाणी नाही. 1957 च्या ऑक्टोबरात तुरियाला महापूर आला, शहर बुडालं, आणि मग नदीच उचलून शहराच्या दक्षिणेकडे खोदलेल्या नव्या पात्रात नेऊन घातली. जुन्या पात्रात आता बाग आहे, सुमारे नऊ किलोमीटर लांब; जुन्या दगडी पुलांच्या कमानींखालून पळणारी माणसं, कुत्री, मुलांच्या वाढदिवसाचे फुगे. 2024 च्या ऑक्टोबरातल्या पुरात त्या नव्या पात्रामुळे शहराचा मध्यभाग वाचला आणि पलीकडची गावं चिखलात गेली. त्या दिवसांत फावडी घेऊन पूल ओलांडणाऱ्या हजारो लोकांत मीही होते, आणि तेव्हापासून पाणी नसलेल्या नदीतून जाताना काहीतरी खटकायचं. वर, तेरुएलच्याही वर, याच नदीला ग्वादालाबियार म्हणतात. जिथून ती निघते तिथे सायकलनं जाऊन यावं, इतकंच मनात होतं. फलटणला आईला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "जंगलात जनावरं आहेत का?" मी म्हटलं, गिधाडं आहेत. ते सांगायला नको होतं.

वॅलेन्सियाहून तेरुएलला जाणारी आगगाडी समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर इतक्या सावकाश चढते की बदामाच्या बागा एकेक झाड करून मोजता येतात. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर 1921 सालचा भव्य विटांचा जिना. सामान लादलेली सायकल खांद्यावर घेऊन तो चढले आणि सहलीतला सगळ्यात अवघड चढ तिथेच झाला असं वाटलं. तसं झालं नाही, पण ते असो.

बेथास गाव मागे टाकलं की जमीन लाल होते. हा लाल वालुकाश्म, आणि त्यावर वाढणारा तो रोदेनो पाइन, जाड, खोल भेगा पडलेल्या सालीचा, थोडासा वाकडा. वाट खडीची असते, मध्येच मऊ वाळूची होते आणि पुढचं चाक पोहायला लागतं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, हँडल घट्ट धरायचं नाही, पाय फिरवत राहायचं आणि चाक नेईल तिकडे थोडं जाऊ द्यायचं. ग्रॅव्हल बाइकची गंमत यातच आहे. ती ना डांबरावरच्या सायकलीसारखी पळते, ना डोंगरातल्या जाड सायकलीसारखे धक्के गिळते. रस्त्यातला प्रत्येक खडा ती इमानदारीनं तळहातापर्यंत पोचवते. संध्याकाळी चमचा धरला तरी बोटांत थरथर उरलेली असते. टायरमधली हवा थोडी सोडली की खडी बोलायची थांबते आणि नुसती कुजबुज उरते. पाइनच्या सुया वळणावर साचलेल्या असतात, कोरड्या, निसरड्या. त्यांच्यावरून जाताना चाकांचा आवाजच बंद होतो आणि आपण पडणार अशी खात्री वाटते. दुपारी ऊन तापलं की झाडं वास सोडतात. राळेचा वास, गरम, थोडा कडवट, घशात चिकटणारा. वारा नसताना तो वास रस्त्यावर उभा असतो. आपण त्याच्यातून जातो.

या वासाच्या मागे बघता बघता मला झाडांवरच्या खुणा दिसायला लागल्या. काही जुन्या खोडांवर कमरेपासून वर गेलेला, साल तासून काढलेला उभा पट्टा, कडा फुगून बंद होत आलेल्या. ही राळ काढण्याची जागा. हंगामात दर थोड्या दिवसांनी माणूस येऊन पट्ट्याच्या वरच्या टोकाला नवी खाच पाडायचा, खाली टांगलेल्या छोट्या मातीच्या भांड्यात राळ ठिबकायची, भांडी भरली की गोळा करायची. तिच्यातून टर्पेंटाइन निघायचं, आणि उरलेल्या घट्ट राळेतून वार्निशापासून व्हायोलिनच्या गजाला लावायच्या वडीपर्यंत काय काय. स्वस्त परदेशी मालापुढे हा धंदा बसला. सेगोवियाच्या बाजूला तो अजून तग धरून आहे. इथे पट्टे उरले. एका झाडापाशी सायकल टेकवून मी त्या तासलेल्या लाकडावर हात फिरवला. बाकी झाड उन्हात गरम होतं, तेवढा पट्टा गुळगुळीत आणि थंड. किती वर्षं एकच माणूस या झाडापाशी येत असेल? आणि ज्या वाटेनं मी आले ती त्याचीच तर नव्हे?

हा प्रश्न एकदा पडला आणि मग कुठलीच वाट नुसती वाट राहिली नाही. जंगलात सायकलसाठी कुणी रस्ता करत नाही. हा राळवाल्यांचा, तो लाकडाच्या ट्रकचा, तो आग लागली तर बंबाची गाडी वर पोचावी म्हणून बुलडोझरनं काढलेला. खाली, तेरुएलच्या पूर्वेकडून समुद्राकडे जाणारी सायकलवाट आहे, ती ओहोस नेग्रोसच्या खाणीतलं लोहखनिज सागुन्तोच्या भट्ट्यांकडे नेणारी आगगाडी होती. रूळ काढले, बोगदे राहिले. आता त्या बोगद्यांतून माणसं हौसेनं सायकली चालवतात. जिथे जिथे मला मोकळं, निर्मनुष्य वाटत होतं तिथे तिथे कुणीतरी राबून गेलेलं होतं, आणि रस्ता हा त्या राबण्याचा उरलेला भाग होता.

सगळ्यात जुन्या वाटा मेंढ्यांच्या. ग्वादालाबियार गावी स्थलांतरी मेंढपाळीचं छोटं संग्रहालय आहे. तिथे मी घंटा पाहिल्या, लाकडी काट्यांचे कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे पाहिले, आणि बाहेर पडून पायरीवर बराच वेळ बसले. या डोंगरातले मेंढके नोव्हेंबरात कळप घेऊन दक्षिणेला, हाएनच्या बाजूच्या उबदार कुरणांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. बरेच जण आता ट्रकनं जातात. काही घरं अजून चालत, तीन-चार आठवडे. त्यांच्या हमरस्त्यांना 'कान्यादा रेआल' म्हणतात. कास्तीलच्या राजानं, दहाव्या आल्फोन्सोनं, 1273 मध्ये 'मेस्ता' या मेंढपाळांच्या संघाला सनद दिली. त्या काळापासून ठरलेली मोठ्या वाटांची रुंदी 90 'वारा' (जुनं स्पॅनिश माप, आपला वार नव्हे), आजच्या मापानं 75 मीटर. मेस्ता 1836 मध्ये गेली, रुंदी राहिली. 1995 च्या कायद्यानं या वाटा सार्वजनिक मालकीच्या आणि मुळात गुरांच्या ठरवल्या. चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांना त्यांवर जाता येतं ते गुरांच्या मागून. 1994 पासून दर वर्षी एक कळप माद्रिदच्या भर चौकातून नेतात, हक्क जागता राहावा म्हणून. लोक त्याचे फोटो काढतात.

मी फलटणची. दिवाळी झाली की आमच्याकडचे धनगर वाडे कोकणाच्या वाटेला लागायचे. घोड्यावर खाटली, भांडी, करडं, कोंबड्या, वर एखादं तान्हं पोर. पावसाळ्याच्या आधी परत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे, रात्रभराच्या लेंडीखतासाठी, आणि त्याबदल्यात धान्य द्यायचे. आजोबांच्या शेतात वाडा बसला की आम्हा मुलांना सकाळी लोकरीचा ओलसर वास यायचा. पण 75 मीटर सोडा, त्यांच्या वाटेला पाऊलभर रुंदीचा कागद कधी कुणी दिला नाही. दर वर्षी नवं कुंपण, नवी कॉलनी, नवा चौपदरी रस्ता, आणि शेवटी त्याच रस्त्याच्या कडेनं ट्रकांच्या दिव्यांत जाणारा वाडा. तिथे त्या पायरीवर बसून मला स्पेनचा हेवा वाटला आणि लगेच त्या हेव्याची लाजही वाटली, कारण इथे वाट कायद्यानं राखली आहे आणि त्यावर चालणारी माणसं आटत चालली आहेत. आमच्याकडे माणसं अजून आहेत.

यातलं बरं काय, ते मला सांगता येणार नाही.

वरच्या अंगाला पाइन बदलतो. ब्रोंचालेसच्या पुढे लाल माती संपते आणि उंच, सरळ खोडांचं जंगल लागतं. खाली करडी साल, पण वरचा अर्धा भाग गेरूसारखा, पातळ पापुद्र्यांचा. संध्याकाळचं ऊन फक्त त्या वरच्या भागाला लागतं आणि खाली रस्त्यावर अंधारायला आलेलं असताना माथ्यावर दिवाळी असते. एक जाडसर, लालबुंद पक्षी असतो, चोचीची टोकं एकमेकांवर चढलेली. तो शंकू उलगडून बिया काढतो आणि खवले खाली टाकतो. हेल्मेटवर टपटप झालं की मी थांबायची. आणखी वर, पठारावर, झाडं विरळ होतात आणि जमिनीला चिकटून पसरलेल्या साबिना झुडपांच्या गोल चकत्या दिसतात, प्रत्येक चकतीच्या मधोमध क्वचित एखादा पाइन. ग्रीएगोस गाव 1,601 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे शिखरावर शिडीनं चढून, देवीला नमस्कार करून, शेंगदाणे खाऊन आपण जिथून लगबगीनं उतरतो, जवळपास त्या उंचीवर इथे माणसं आयुष्य काढतात, थंडीत बर्फ उपसून दार उघडतात. याच प्रांतातल्या कलामोचात 17 डिसेंबर 1963 ला उणे 30 नोंदवलं गेलं होतं. घरांच्या भिंतींना लागून छपरापर्यंत रचलेली लाकडं जूनमध्येही असतात. मी सुरुवातीला त्यांचे फोटो काढत होते, ती इतकी नीट रचलेली असतात. मग काढायचे सोडले. कुणाचा तरी जानेवारी होता तो.

इथली बरीच जंगलं कुणा एकाची नाहीत. अल्बाराथिन आणि आजूबाजूची गावं यांची मध्ययुगापासून चालत आलेली एक सामायिक संस्था आहे, ती आजही त्यांची मालकी सांभाळते. कुठे तोड करायची, कुठे चरायचं, हे ठरवायला खुर्च्या टाकून बसतात. चार नद्या याच डोंगरांत निघतात. ताहो पश्चिमेला लिस्बनपर्यंत हजार किलोमीटर जाते. ग्वादालाबियार, हुकार आणि काब्रिएल पूर्वेला भूमध्य समुद्राकडे. ताहोच्या उगमाशी धातूचा एक भलामोठा दाढीवाला पुरुष उभा केला आहे, आणि त्याच्या पायाशी जे पाणी आहे ते आपल्याकडच्या गावातल्या गटारीपेक्षा मोठं नाही. पर्यटक पुतळ्यापुढे उभे राहतात आणि पाणी शोधतात. याच ताहोतून खाली पाइनचे ओंडके सोडायचे, हजारोंनी, वसंतातल्या पुरावर. त्यांच्यावर उड्या मारत, लांब काठीच्या आकड्यानं त्यांना सोडवत माणसं माद्रिदजवळच्या आरान्हुएसपर्यंत जायची. त्यांना गान्चेरो म्हणत. मागच्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. धरणं आली, ट्रक आले. 2022 मध्ये युनेस्कोनं ओंडके वाहून नेण्याच्या या कलेला वारशाच्या यादीत घातलं, आणि नदीकाठची गावं आता वर्षातून एकदा थोडे ओंडके सोडून उत्सव करतात. मी तेव्हा तिथे नव्हते, आणि खरं सांगायचं तर असते तरी गेले असते की नाही कोण जाणे. बुडून मेलेल्यांच्या धंद्याचा उत्सव बघताना टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळत नाही.

माझ्या नदीच्या उगमाचं म्हणाल तर, तिथे पोचून मला फारसं काही वाटलं नाही. झरा होता, गवत होतं, एक गाय होती. पाणी हातात घेतलं, दात शिवशिवले. वॅलेन्सियातल्या घरी नळाला येणाऱ्या पाण्यात याचाही वाटा असतो हे ठाऊक होतं. गायीनं माझ्याकडे बघितलं आणि पाठ केली.

गिधाडांबद्दल आईला सांगितलं ते खरं होतं. ताहोच्या दरीच्या कड्यांवरून सकाळी ऊन तापायला लागलं की ती उठतात, एकेक करून, पंख न हलवता, आणि कधी कधी दरीच्या काठाच्या रस्त्यावर ती आपल्या पातळीला असतात. मान वळवून बघतात. पंखातून वारा जाण्याचा आवाज येतो. लहानपणी फलटणच्या ढोरफोडीजवळ गिधाडं बसलेली मी पाहिली आहेत. मग ती दिसेनाशी झाली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं ती संपली हे कळेपर्यंत उशीर झाला होता. 2006 मध्ये आपल्याकडे त्या औषधावर गुरांसाठी बंदी आली. इतकं सगळं जगाला कळल्यावर, 2013 मध्ये, स्पेननं तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं. युरोपातली बहुतेक सगळी गिधाडं ज्या देशात आहेत त्या देशानं. त्याआधी गाईंच्या 'मॅड काउ' रोगाची भीती पसरली तेव्हा मेलेली जनावरं रानात टाकायला बंदी आली होती आणि गिधाडं उपाशी पडली. 2011 च्या सुमारास नियम सैल झाले. म्हणजे हा कड्यावरचा रानटी पक्षीही मेंढपाळाच्या मेलेल्या मेंढीवर आणि ब्रसेल्समधल्या एका कागदावर जगतो. त्याचं जेवणही मोजूनच येतं.

ताहोच्या खोऱ्यात आणखी पश्चिमेला 2005 साली जुलैत मोठी आग लागली होती. रिबा दे साएलिसेस गावाजवळ सहलीला आलेल्यांनी मांस भाजायला पेटवलेल्या निखाऱ्यांतून ती पसरली. सुमारे 13,000 हेक्टर जंगल गेलं, आणि आग विझवायला गेलेल्या तुकडीतली 11 माणसं. मी त्या बाजूला गेले नाही. पण उन्हाळ्यात या भागात स्टोव्ह पेटवायला बंदी का असते, हे इथल्या कुणालाही विचारलं की तो आधी हेच साल सांगतो. आणि मग हळूच दुसरं सांगतो: पूर्वी मेंढ्या झाडांखालचं गवत-झुडूप खायच्या, लोक वाळकी लाकडं घरी न्यायचे, राळवाले वाटा साफ ठेवायचे. आता खाली सगळं वाढतं आणि वाळतं. माणसं गेल्यावर जंगल जास्त जंगल झालं, आणि जास्त जळाऊ. मला जे घनदाट, अस्पर्श वाटत होतं त्याकडे त्यांची नजर वेगळी होती, न झाडलेल्या अंगणाकडे बघावं तशी.

एका संध्याकाळी दुसऱ्या एका गावातल्या बारमध्ये मी तो पावाचा किस्सा सांगितला. बार चालवणारी बाई साधारण माझ्याच वयाची, बार्सेलोनातली नोकरी सोडून आजीच्या गावी परतलेली. काउंटरवर टॉर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या आम्लेटचा, जाड तुकडा पावात घालून देताना ती ऐकत होती. मी जरा हळवी होऊनच सांगत होते, शनिवारपर्यंत त्या आजींचं कसं झालं असेल वगैरे. ती हसायला लागली. कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना तिनं ओरडून सांगितलं, तेही हसले. "अगं, फ्रीझर असतो ना," ती म्हणाली. "इथे प्रत्येक घरात पेटीएवढा फ्रीझर आहे. अर्धं डुक्कर असतं त्यात, दोन आठवड्यांचा पाव असतो, नातवंडांसाठी क्रोकेता असतात. बर्फ पडलं की गाडी येत नाही, मग आम्ही काय उपाशी मरतो?" मग तिनं माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि म्हणाली, "ती आजी आता महिनाभर सांगत असेल सगळ्यांना, एका हिंदू मुलीला मी पाव दिला म्हणून." भारतीय माणसाला हिंदू म्हणायची इथल्या जुन्या लोकांची सवय, मी दुरुस्त करत नाही.

मला हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला, कुणावर ते ठरवता आलं नाही. इतके दिवस मी त्या आजींना कसल्यातरी करुण चित्रात बसवलं होतं. रिकामे डोंगर, शेवटची माणसं, मोजका पाव. शहरातून आलेल्या माणसाला असं चित्र फार आवडतं. इथली माणसं मात्र 1999 पासून 'तेरुएल एक्सिस्ते' म्हणून, म्हणजे तेरुएल अस्तित्वात आहे म्हणून, रस्त्यावर उतरतात. 2019 मध्ये त्यांनी स्वतःचा खासदार माद्रिदला पाठवला. त्यांची मागणी कुणी कीव करावी अशी नाही. माद्रिदला थेट आगगाडी हवी, रुग्णवाहिका वेळेत पोचायला हवी, शाळा चार मुलांवरही चालू राहायला हवी. बारवाली म्हणाली, सायकलवाले येतात ते चांगलंच आहे, मे आणि ऑक्टोबरात तर त्यांच्यावर भाडं निघतं. "पण तुम्ही सगळे म्हणता, किती शांत आहे. मला जरा आवाज झाला तर चालेल." बाहेर चौकात एकच पोरगा भिंतीवर चेंडू मारत होता, जेवणाची हाक येईपर्यंत.

परतीच्या वाटेवर, अल्बाराथिनच्या अलीकडे, लाल-पांढऱ्या फितीनं रस्ता अडवला होता. तोड चालू होती. करवतीचा आवाज, डिझेलचा धूर, आणि त्या सगळ्याच्या वर ताज्या कापलेल्या पाइनचा वास, इतका दाट की डोळे चुरचुरावेत. सोललेले ओंडके वाटेच्या कडेला रचलेले, कापलेल्या तोंडांवर लाल रंगाचे आकडे. ट्रकवाला केबिनच्या पायरीवर बसून कलिंगड खात होता. वाट बंद का, कधी उघडणार, मी जरा तक्रारीच्याच सुरात विचारलं. नकाशात ही वाट होती, माझा दिवस तिच्यावर आखलेला होता. तो म्हणाला, आणखी दोन आठवडे. मग मी विचारलं, हे लाकूड जातं कुठे? मनात कुठेतरी जहाजं होती, जुनी घरं, तुळया.

"पॅलेट," तो म्हणाला. "खाली वॅलेन्सियाला. संत्री ठेवायला." कलिंगडाची एक फोड त्यानं चाकूच्या टोकावर माझ्याकडे धरली आणि दुसऱ्या हातानं डांबरी रस्ता दाखवला, तिकडून गेलं तर अकरा किलोमीटर जास्त पडतात, आणि पहिले चार चढाचे. मी फोड घेतली, बिया गवतात थुंकल्या, आणि टायरमध्ये पुन्हा हवा भरायला पंप काढला.